सकाळी आठचा नमुना : कॉर्टिसॉल-आधिक्याच्या प्राथमिक चाचण्यांविषयी

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक मेळाव्यात प्रशासकाने उभे राहावे, खाटा, शस्त्रक्रिया, जमा आणि खर्च यांचे आकडे वाचून दाखवावेत आणि आपल्या जागी जाऊन बसावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. ते सर्व आकडे या अहवालाच्या पुढील पृष्ठांवर छापलेले आहेत आणि लेखापरीक्षकांनी ते तपासलेले आहेत. त्यामुळे आज ते वाचून दाखवण्याऐवजी त्यांतील एकाच ओळीविषयी बोलण्याची अनुमती मी अध्यक्ष महोदयांकडे मागितली आणि त्यांनी ती उदारपणे दिली.

प्रयोगशाळेच्या खर्चाच्या तपशिलात यंदा ‘फेरतपासणी – विनाशुल्क’ असे एक नवे शीर्ष आपणांस दिसेल. रक्कम लहान आहे. ताळेबंद चाळताना कोणाचीही दृष्टी तेथे थांबणार नाही. परंतु त्या ओळीच्या मागे एक चूक आहे, आणि ती चूक माझ्या स्वाक्षरीने झालेली आहे. म्हणून ती मीच सांगणे उचित होय.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध देयके, पावत्या आणि खरेदीचे आदेश यांच्यापुरता. आज जे वैद्यकीय मुद्दे मी मांडणार आहे, ते आपल्या रुग्णालयातील डॉक्टरांनी मला संयमाने समजावून सांगितलेले आहेत. त्यांत जे बरोबर असेल ते त्यांचे. मांडणीत काही उणे राहिले तर ते माझे.

आजाराची ओळख

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ती कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक निर्माण करते. रक्तदाब राखणे, उपवासात साखर टिकवणे, आजारपणाचा व संकटाचा ताण सोसणे ही सर्व कामे या संप्रेरकावाचून होत नाहीत. ते किती निर्माण करावे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी देते.

घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकी भरत आली की तरंगणारा गोळा वर येतो आणि पाणी बंद होते. शरीरातही तशीच व्यवस्था आहे. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पीयूषिका ग्रंथी आपला हुकूम थांबवते. पीयूषिकेत किंवा अधिवृक्क ग्रंथीत, क्वचित शरीरात अन्यत्र, लहानशी गाठ होऊन ही व्यवस्था बिघडली, तर कॉर्टिसॉल अहोरात्र वाहत राहते. या अवस्थेला ‘कुशिंग सिंड्रोम’ असे नाव आहे. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली अशा एका तरुण स्त्रीची नोंद आपल्या ग्रंथात केली आणि १९३२ साली या विकाराचा पीयूषिकेतील सूक्ष्म गाठींशी असलेला संबंध सविस्तर मांडला, म्हणून त्यांचे नाव त्यास पडले.

या विकाराची लक्षणे अशी आहेत की त्यांतील प्रत्येक लक्षण आपल्या ओळखीचे वाटावे. वजन वाढते, चेहरा वाटोळा व लालसर होतो, मानेच्या मागे मांसल उंचवटा येतो. रक्तदाब चढतो, मधुमेह होतो, पाळी अनियमित होते, झोप उडते, मन खिन्न राहते. हे सारे स्वतंत्रपणे सहस्रावधी लोकांना असते आणि त्यांना हा विकार नसतो. मग डॉक्टरांना संशय कशाने येतो? पोटावर किंवा मांडीवर बोटभर रुंद जांभळे पट्टे उमटणे, किरकोळ धक्क्यानेही अंगावर काळेनिळे डाग पडणे, त्वचा पातळ होणे, मांडी घालून बसलेल्या माणसाला हाताचा आधार घेतल्यावाचून उठता न येणे, ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होणे ही लक्षणे अधिक बोलकी असतात. मुलांच्या बाबतीत तर एक साधी खूण आहे : वजन वाढत जाते आणि उंची मात्र थांबते. अशा मुलाला ‘खाऊन सुटले आहे’ असे म्हणून घरी बसवू नये.

हा विकार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकसंख्येत वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण, असा पाश्चात्त्य देशांतील सर्वसाधारण अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. दुर्मीळ असल्यामुळेच तो ओळखला जाण्यास विलंब होतो. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरीने सुमारे तीन वर्षे जातात, असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले आहे. आणि हा विलंब निरुपद्रवी नसतो. प्रभावी उपचार उपलब्ध नव्हते त्या काळात यांतील सुमारे निम्मे रुग्ण पाच वर्षांच्या आत दगावत असत. आज उपचार आहेत. त्या उपचारांचे दार मात्र एका साध्या चाळणी-चाचणीतून उघडते.

तीन चाचण्या आणि त्यांची पथ्ये

एक गोष्ट मला प्रथम फार आश्चर्याची वाटली. दिवसात केव्हाही रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजले, तर या विकाराविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. निरोगी माणसातही ते पहाटे-सकाळी सर्वांत अधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. शिवाय सुई टोचण्याच्या भीतीनेही ते वाढते. म्हणून नुसता आकडा पाहून भागत नाही. नियमन शाबूत आहे किंवा कसे, हे पाहावे लागते. त्यासाठी तीन चाचण्या प्रचलित आहेत.

पहिली, डेक्सामेथासोन चाचणी. ग्रँट लिडल या अमेरिकन वैद्यांनी १९६० साली या पद्धतीचा पाया घातला आणि त्याच दशकात तिचे एका रात्रीत उरकणारे सोपे रूप प्रचारात आले. रात्री अकरा ते बारा या वेळात एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते नऊ या वेळात रक्त द्यायचे. टाकीच्या उदाहरणात सांगायचे तर आपण हाताने तो गोळा वर उचलून धरतो आणि पाणी थांबते का ते पाहतो. निरोगी माणसात सकाळचे कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरते. ते तसे उतरले नाही, तर पुढील शोध घ्यावा लागतो. या चाचणीची गोळी आपल्याकडे मिळणाऱ्या औषधांत अत्यंत स्वस्त म्हणावी अशी आहे.

दुसरी, मध्यरात्रीच्या लाळेतील कॉर्टिसॉलची चाचणी. रात्री झोपण्याच्या वेळी कापसाचा बोळा तोंडात धरून तो नळीत घालायचा, एवढेच काम. सुई नाही, रुग्णालयात येणे नाही. निदान दोन वेगवेगळ्या रात्रींचे नमुने घेतात. परंतु पथ्ये आहेत. त्याआधी तंबाखू, विडी व सिगारेट वर्ज्य. घसा धरला म्हणून आपण सहज तोंडात धरतो ते ज्येष्ठमधही वर्ज्य, कारण त्यातील एका द्रव्यामुळे आकडा वाढू शकतो. हाताला स्टिरॉइडयुक्त मलम लागलेले असेल तर नमुना दूषित होतो. आणि जो कामगार रात्रपाळी करतो त्याची मध्यरात्र ही शरीराच्या लेखी मध्यरात्र नसते; त्याच्यासाठी ही चाचणी योग्य नव्हे.

तिसरी, चोवीस तासांच्या लघवीतील कॉर्टिसॉलची चाचणी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची डब्यात साठवायची आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची पहिली त्यात घालून डबा बंद करायचा. हेही निदान दोनदा करावे लागते. लिहायला सोपे, करायला अवघड. सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या, दिवसभर शेतावर असणाऱ्या किंवा एकत्र कुटुंबात संकोचाने राहणाऱ्या स्त्रीला हा डबा सांभाळणे किती कठीण जाते, हे आपल्या परिचारिकांना विचारावे. एका वेळची लघवी जरी सांडली तरी आकडा खोटा कमी येतो. अतिशय पाणी प्यायल्यास तो वाढू शकतो आणि मूत्रपिंड दुर्बल असल्यास कमी येऊ शकतो.

या तिन्हींपैकी कोणतीही एक चाचणी सदोष आली म्हणून कोणास हा विकार आहे असे ठरत नाही. दोन वेगळ्या प्रकारच्या चाचण्यांची साक्ष जुळावी लागते आणि मगच गाठ कोठे आहे याचा शोध सुरू होतो. हा क्रम उलटा करून आधी मेंदूचे एम.आर.आय. काढणे हे महाग आणि दिशाभूल करणारे असते. दहापैकी सुमारे एका निरोगी माणसाच्या पीयूषिकेतही काहीतरी बारीक ठिपका दिसतो आणि त्या निरुपद्रवी ठिपक्यापायी घरातल्या सर्वांची झोप उडते.

चूक

आता त्या ओळीमागील हकिकत. संबंधित भगिनींच्या अनुमतीने, त्यांचे नाव व गाव वगळून, ती मी सांगत आहे.

त्या चौतीस वर्षांच्या, रुग्णालयापासून साठ किलोमीटरवरच्या एका खेड्यातील. चार वर्षे मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधे चालू होती आणि दोन्ही आटोक्यात येत नव्हते. वजन वाढले होते. सासरी ‘काम टाळते आणि खाते’ असा बोल लागलेला. आमच्या बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांनी त्यांना खाली चटईवर बसून उठण्यास सांगितले. त्यांना उठता आले नाही. दंडावर सुई न टोचताच पडलेले निळे डाग होते. डॉक्टरांनी डेक्सामेथासोनच्या दोन गोळ्या, प्रत्येकी अर्ध्या मिलिग्रॅमच्या, लिहून दिल्या आणि आठवड्याने सकाळी आठ वाजता रक्त देण्यास बोलावले.

त्या बाई आल्या. रात्री अकराला गोळ्या घेऊन, पहाटेची पहिली एस.टी. धरून आल्या. साडेसातला त्या आपल्या व्हरांड्यात बसल्या होत्या. परंतु त्या काळी आपला रोखपाल कक्ष साडेनऊला उघडत असे, आणि पावतीवाचून प्रयोगशाळेने नमुना घेऊ नये असा आदेश होता. तो आदेश काही थकबाकी बुडाल्यानंतर मीच काढला होता. खिडकी उघडली तेव्हा पुढे चाळीस माणसे. त्यांचे रक्त अकरा वाजून चाळीस मिनिटांनी घेतले गेले. आपल्या तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे नमुन्यावर तीच वेळ लिहिली, म्हणून तरी ही गोष्ट उघडकीस आली.

अहवालावरील आकडा ना धड इकडचा ना तिकडचा असा होता. डॉक्टरांनी तो ग्राह्य धरण्यास नकार दिला. ‘१.८ ही मर्यादा सकाळी आठ-नऊच्या नमुन्यासाठी आहे. जवळजवळ दुपारी घेतलेल्या नमुन्याला ती लावता येणार नाही,’ असे त्यांनी मला सांगितले. चाचणी पुन्हा करावी लागणार होती. ती पुन्हा करण्याचे शुल्कही आम्ही त्यांच्याकडूनच मागितले, कारण त्याला दुसरे शीर्ष आमच्या हिशेबात नव्हते.

त्या बाई परत आल्या नाहीत. सोयाबीनची काढणी आली, मग रब्बीची पेरणी. नुसत्या रक्तासाठी किती खेपा घालायच्या, असे घरच्यांचे म्हणणे पडले. पाच महिन्यांनी त्या आल्या त्या बैलगाडीतून उतरवून, जीपमध्ये निजवून. पाण्याची घागर उचलताना पाठीचा मणका दबला होता.

मी त्यांना वॉर्डात भेटण्यास गेलो. क्षमा कशी मागावी हे मला सुचत नव्हते. त्याच म्हणाल्या, ‘साहेब, मी येळेवर आले होते. साडेसातपास्नं हितंच बसून होते.’ त्यात तक्रारीचा सूर नव्हता. आपण निष्काळजी नव्हतो, एवढेच त्यांना कोणाच्या तरी कानावर घालायचे होते. चार वर्षे त्यांचे कोणी ऐकलेच नव्हते.

या वेळी चाचणी नीट झाली. डेक्सामेथासोननंतरचे सकाळचे कॉर्टिसॉल उतरले नाही; दोन रात्रींची लाळही सदोष आली. पुढील तपासण्यांत पीयूषिका ग्रंथीत अगदी लहान गाठ आढळली. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात नाकाच्या मार्गाने शस्त्रक्रिया होऊन ती काढण्यात आली. आज दीड वर्ष झाले. रक्तदाबाची औषधे थांबली आहेत, मधुमेहाची एकच गोळी उरली आहे, चेहरा ओळखू येईल असा झाला आहे. पाठ मात्र वाकली ती वाकली. पाच महिने आधी निदान झाले असते तर मणका वाचला असता काय, याचे निश्चित उत्तर डॉक्टर देत नाहीत आणि मीही ते गृहीत धरीत नाही. परंतु त्या पाच महिन्यांचे देणे आपल्या नावावर आहे, हे मी लेखापाल या नात्याने मान्य करतो.

जो प्रश्न फुकट विचारता येतो

या प्रसंगानंतर आम्ही डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली चाचणीपूर्वीची सर्व प्रक्रिया तपासली. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. या संपूर्ण तपासणीतील सर्वांत मोलाची पायरी प्रयोगशाळेत नाहीच. ती म्हणजे एक प्रश्न : ‘तुम्ही आणखी कोणते औषध घेता?’

अंगात कॉर्टिसॉलसारखे द्रव्य अधिक होण्याचे सर्वांत मोठे कारण गाठ हे नसून बाहेरून घेतलेले स्टिरॉइड हे आहे. दमा, संधिवात, त्वचारोग यांत ते डॉक्टर योग्य कारणासाठी देतात आणि त्याने प्राण वाचतात. २०२० साली ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासातून प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात असे सिद्ध झाले. तेव्हापासून हे नाव घरोघरी पोहोचले. परंतु तेच औषध गरजेपेक्षा अधिक आणि मनाने घेतल्यास काय होते, हेही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वाढलेल्या साखरेच्या आणि काळ्या बुरशीच्या रूपाने महाराष्ट्राने पाहिले.

आपल्या रुग्णालयात गतवर्षी एक आजी आल्या. चेहरा पूर्ण चंद्रासारखा, त्वचा कागदासारखी. सर्वांना कुशिंगचा संशय आला. रक्तात मात्र कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतेच. आपल्या औषधनिर्मात्या भगिनीने त्यांची पिशवी उपडी केली, तेव्हा तीत आठवडे बाजारातून घेतलेल्या, नाव नसलेल्या, गुडघेदुखीच्या पुड्या निघाल्या. ‘पोरी, ती काय औषध नव्हं, ती जडीबुटी हाय,’ असे आजींचे म्हणणे. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. बाहेरून ते मिळत राहिल्यावर शरीर आपली निर्मिती बंद करते. म्हणून वरून आधिक्य दिसते आणि मोजले तर आत काही नसते.

उपस्थित कुटुंबीयांना माझी हात जोडून विनंती आहे. अशी पुडी वा गोळी चालू असल्याचे कळले, तर ती एकाएकी बंद करू नका. निजलेल्या ग्रंथीला जागे होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. अकस्मात औषध थांबवल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन थेट डॉक्टरांकडे या. त्या आजींनाही महिनोन्महिने हळूहळू त्यातून बाहेर काढावे लागले.

गोरे होण्यासाठी, नायट्यासाठी दुकानातून आणलेल्या मलमांचेही तसेच. अशी अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला; तरी घरातील कपाटात त्यांच्या नळ्या सापडतातच.

इतर औषधेही सांगावी लागतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन यांच्यामुळे डेक्सामेथासोन यकृतात लवकर नष्ट होते. मग निरोगी माणसाची चाचणीही सदोष दिसते. संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे रक्तातील एकूण कॉर्टिसॉल वाढलेले भासते. त्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमारे सहा आठवडे थांबवून मग ही चाचणी करतात. क्षयाचे औषध मात्र चाचणीसाठी कधीही थांबवायचे नसते. तेथे चाचणीच दुसरी निवडायची.

सर्वांचीच तपासणी का नको?

आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी ही हकिकत ऐकून मोठ्या मनाने प्रस्ताव ठेवला, की शिबिर घेऊन एक हजार मधुमेही रुग्णांची ही चाचणी विनामूल्य करावी. सर्व खर्च ते देतील. त्यांच्या औदार्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करून विश्वस्त मंडळाने तो प्रस्ताव नम्रपणे नाकारला. कारण सांगणे माझे कर्तव्य आहे, आणि येथे वाणिज्य शाखेचे गणित उपयोगी पडते.

१.८ ही मर्यादा मुद्दाम कडक ठेवलेली आहे, जेणेकरून खरा रुग्ण सहसा निसटू नये. शंभर खऱ्या रुग्णांपैकी पंचाण्णवांहून अधिक तीत सापडतात. परंतु बारीक चाळणीत खडेही अडकतात. हा विकार नसलेल्या शंभरांपैकी सुमारे वीस जणांची चाचणीही सदोष येऊ शकते. आता समजा, त्या हजारांत खरे रुग्ण दोन आहेत. ते दोघे सापडतील. आणि त्यांच्यासोबत सुमारे दोनशे माणसे, ज्यांना काहीही झालेले नाही, ‘मेंदूत गाठ असेल’ या धास्तीने घरी जातील. त्या दोनशेंच्या फेरतपासण्या, खेपा, बुडालेला रोजगार आणि कदाचित अनावश्यक एम.आर.आय. यांचा खर्च शिबिराच्या देणगीत धरलेला नसतो. तो त्यांच्या खिशातून जातो.

म्हणूनच अंतःस्रावतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट तपासणी करू नये असे म्हटले आहे. वयाला न शोभणारी लक्षणे, एकापाठोपाठ वाढत जाणारी बोलकी लक्षणे, उंची थांबून वजन वाढणारी मुले आणि अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत अधिवृक्क ग्रंथीत गाठ आढळलेले रुग्ण यांची मात्र जरूर करावी. हजारांची एकदा तपासणी करण्यापेक्षा दहांची निवड नीट करावी आणि त्यांची तपासणी शेवटपर्यंत तडीस न्यावी, हे अधिक अवघड आणि अधिक उपयुक्त आहे.

काय बदलले

विश्वस्त मंडळाच्या संमतीने पुढील गोष्टी आता अमलात आहेत. वेळेशी बांधलेल्या चाचण्यांसाठी सकाळी साडेसातपासून एक तंत्रज्ञ उपस्थित असतो. नमुना आधी, पावती नंतर. माझा तो जुना आदेश रद्द झाला आहे. दूरच्या रुग्णास आदल्या रात्री धर्मशाळेत मुक्काम मिळतो आणि अकरा वाजता परिचारिका समक्ष गोळी देते. सूचनापत्रक सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत छापले असून ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवले जाते. चाचणीपूर्वी औषधांची पिशवी घेऊन येण्यास सांगितले जाते. आणि आमच्या त्रुटीमुळे नमुना वाया गेल्यास फेरतपासणी विनाशुल्क होते, तसेच रुग्णाचे व सोबतच्या एका व्यक्तीचे एस.टी.चे भाडे दिले जाते. तेच ते नवे शीर्ष.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेनुसार आपण एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. त्या निधीने देयक माफ होते. परंतु बुडालेली मजुरी, दुसरी खेप, रात्रीचा मुक्काम यांना देयक नसते. त्यामुळे ते माफही करता येत नाहीत. गरीब माणूस उपचार सोडतो तो बहुधा याच ठिकाणी.

देणगीदार बंधुभगिनींनो, आपल्या दानातून उभ्या राहिलेल्या इमारतींवर आणि यंत्रांवर आपली नावे अभिमानाने कोरलेली आहेत, आणि ती तशीच राहोत. आज मी ज्यासाठी हात पसरत आहे त्यावर कोणतेही नाव कोरता येणार नाही. पहाटे उठून येणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतन, धर्मशाळेतील एक अंथरूण, परतीचे तिकीट यांवर पाटी कोठे लावणार? तरीही आपण ते द्यावे, अशी प्रार्थना आहे. पुढील वर्षी ‘फेरतपासणी – विनाशुल्क’ या शीर्षाखालील रक्कम कमी झालेली दिसावी, कारण नमुने वाया जाणे कमी झालेले असावे, ही माझी इच्छा आहे. पण ती रक्कम शून्य दाखवण्याचा आग्रह आपण धरू नये. जेथे चुका शून्य दिसतात तेथे बहुधा त्या लिहिलेल्या नसतात, हे तीस वर्षे हिशेब पाहणाऱ्या माणसाचे मत आहे.

त्या भगिनी आज या सभागृहात मागील बाजूस बसलेल्या आहेत. त्यांच्याकडे कोणी वळून पाहू नये अशी त्यांची इच्छा आहे. आपण ती पाळाल याची मला खात्री आहे. आजही त्या पहिल्या गाडीनेच आल्या.